चाओ म्हणजे पाणी

सिन्योर एर्मोलाओंकडे कामाला लागले
तेव्हा मला इटालियनचे अकरा शब्द येत होते.
त्यातले चार औषधांचे.
चाओ बारावा. तो बोटीवरच्या पोरानं दिला,
दोर खुंटाला गुंडाळता गुंडाळता,
उतरणाऱ्या सगळ्यांना मिळून एकच.

म्हातारा तेव्हा बोलता होता.
छापखान्यात एकेचाळीस वर्षं मुद्रितं तपासलेली,
सूपमध्येही त्याला चुका दिसत.
म्हणाला, हालिना, तो शब्द असा भिरकावू नकोस,
तो गुडघ्यावर बसलेला आहे.
जुने व्हेनिसकर टोपी काढून म्हणत:
स-चावो वोस्त्रो. आपला गुलाम.
आणि म्हणत कोण, तर ज्यांनी जन्मात
स्वतःचा बूट कधी पुसला नाही.
मग ‘आपला’ झिजला.
उरलेल्या गुलामाचाही पुढचा दात पडला.
चाओ.

मी बटाटे सोलत होते. विचारलं,
आणि गुलाम हा शब्द कुठून आला?
तो मिठाच्या डबीकडे बघत राहिला.
तुमच्याकडून, म्हणाला.
स्लाव. समुद्रापलीकडून तुमची इतकी माणसं
विकायला आणली, की मालालाच ते नाव पडलं.
मग घाईघाईनं: तू उतरतेस ना, त्या धक्क्यालाही
तुमचंच नाव आहे, पण ते व्यापाऱ्यांचं हं,
त्यांची गलबतं तिथं लागत.

मी साल बादलीत टाकलं.
म्हटलं, आमच्याकडे शब्दाला स्लोवो म्हणतात.
शाळेतल्या बाई सांगायच्या, आमचं नाव त्यावरून पडलं,
ज्यांचं बोलणं एकमेकांना कळतं, ती माणसं.
खरं-खोटं बाईंनाच ठाऊक.
त्यानं चष्मा कपाळावर चढवला,
वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं,
पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

नोव्हेंबरात, पाणी पायरीवर आलं त्या आठवड्यात,
त्याच्या डोक्यात शीर फुटली.
इस्पितळातून तो घरी आला,
शब्द तिकडेच राहिले.
रोझाल्बा गेलं, सख्ख्या मुलीचं नाव. चमचा गेला.
दुखतंय गेलं, म्हणजे शब्द. दुखणं होतंच.
राहिला एक.

चाओ म्हणजे पाणी. चाओ म्हणजे खिडकी लाव.
चाओ, ओरडून, म्हणजे हात लावू नकोस मला.
भिंतीवरच्या बायकोला चाओ म्हणजे काय,
ते मी लावायला गेले नाही.
रोझाल्बा रविवारी मेस्त्रेहून येते, केक आणते.
बाबांना रीतभात अजून आठवते बघ, म्हणते.
मी हो म्हणते.

काल मोजे चढवत होते, फरशीवर गुडघे टेकून.
डाव्या पायाची बोटं आखडतात, वेळ लागतो.
त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, पेलता येईल तेवढाच,
आणि तोंड उघडलं. बराच वेळ उघडंच.
मग आला.
पण आधी स,
सुटा, दातांतून हवा जावी तसा,
आणि थोडं थांबून बाकीचा.
कुणीतरी गाळलेलं अक्षर
समासातून खूण करून परत बसवल्यासारखा.

खाली मी होते. म्हणाला तो.
काय उत्तर द्यायचं, कळेना.
पाणी हवंय का, विचारलं.
नको होतं.

संध्याकाळी उद्या येते म्हणून निघाले.
धक्क्यावर तोच पोरगा, दोर भिजलेला,
हनुवटीवर मुरूम, एकोणीस वर्षांचा असेल फार तर.
चाओ, म्हणाला, कुणाकडेच न बघता.
मी त्याच्याकडे बघून म्हटलं,
सगळा शब्द, स सकट.
त्याला वाटलं मी शिंकले.